तेजस्वी देह उद्या मिळेल, आज पुरायचे कुठे?



चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या वस्त्यांत सध्या दोन प्रकारची माणसे फिरतात. एक सांगतो, येशूवर विश्वास ठेव, तुझे हे रोगट, राबून झिजलेले शरीर एक दिवस तेजस्वी होऊन उठेल. दुसरा सांगतो, त्या पहिल्याला गावात पाय ठेवू देऊ नका, आणि मेला तर गावात पुरू देऊ नका. पहिल्याशी आपला वाद आहे. दुसऱ्याशी लढाई आहे. वाद आणि लढाई यातला फरक आपल्यातल्याच काही पोरांना कळेनासा झाला आहे, म्हणून हे लिहावे लागते.

व्हॉट्सअॅपच्या गटांवर ख्रिस्ती झालेल्या आपल्या माणसांना 'तांदळावर विकले गेलेले' म्हणणारे निळ्या झेंड्याचा फोटो लावून तसे म्हणतात, तेव्हा मला त्यांच्या वाचनाची काळजी वाटते. आपल्या आज्यांनाही 'बाटगे' म्हटले गेलेच होते. ती शिवी कुठून येते हे ज्याला आठवत नाही त्याने दीक्षाभूमीच्या गर्दीत सेल्फी काढण्याआधी थोडे थांबावे.

आता मूळ मुद्दा. ज्या विचाराचे खंडन करायचे तो आधी नीट मांडता आला पाहिजे. आपल्यातले बहुतेक समजतात की ख्रिस्ती माणूस 'आत्मा स्वर्गात जातो' एवढेच मानतो. ते अर्धेच आहे. त्यांच्या श्रद्धेच्या कबुलीत शरीराच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात बीजाचा दाखला दिला आहे: पेरतो ते एक आणि उगवते ते दुसरे, तरी दोन्हींचे नाते तुटत नाही. अपमानात पुरलेला देह गौरवात उठेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. फिलिप्पैच्या पत्रात तर तो म्हणतो की आपल्या हीन अवस्थेतल्या शरीराचे रूपांतर होऊन ते ख्रिस्ताच्या गौरवी शरीरासारखे होईल. म्हणून त्यांच्यात पुरण्याला एवढे महत्त्व. कॅथलिक चर्चने १९६३ पर्यंत दहनाला परवानगीच दिली नव्हती, आणि २०१६ मध्येही व्हॅटिकनने पुन्हा बजावले की राख उधळायची नाही, घरातही ठेवायची नाही.

आणि एक थोमाची गोष्ट आहे. येशू उठला यावर त्याचा विश्वास बसत नाही. जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असे तो म्हणतो. उठलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात. देह तेजस्वी झाला तरी अत्याचाराचा पुरावा पुसला गेलेला नाही. मी नास्तिक आहे, तरी ही गोष्ट मला ताकदीची वाटते.

याच्या शेजारी गीता ठेवून पाहा. देह म्हणजे जुने कपडे, आत्मा ते टाकतो आणि नवे घालतो, तेव्हा मारणारा कोणाला मारतच नाही. बाबासाहेबांनी या युक्तिवादाची चिरफाड केली आहे: खुनाच्या खटल्यात एखाद्या वकिलाने हा बचाव केला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असा त्यांचा टोला होता. देह नाशवंत, देह मिथ्या, असे शतकानुशतके सांगणाऱ्यांनाच त्या नाशवंत देहाच्या सावलीचा विटाळ होत होता. आत्मा सगळ्यांचा एक, विहीर मात्र वेगळी! त्या मानाने ख्रिस्ती माणूस निदान एवढे कबूल करतो की माणूस म्हणजे त्याचा देहसुद्धा, आणि तुडवलेल्या देहाचा हिशेब कुठेतरी व्हायला हवा. मेलेली ढोरे ओढलेल्या माणसाच्या नातवाला, चार पिढ्या जमीनदाराकडे राबलेल्या बाईच्या लेकीला हे का भावते ते समजून घ्या. त्यासाठी तांदळाच्या पोत्याची गरज नाही.

इथपर्यंत त्यांचे कौतुक. आता वाद.

हिशेब होणार, पण कधी? शेवटच्या दिवशी. तोवर काय? तोवर वाट पाहा. या उत्तरात आपले सगळे भांडण आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी सविस्तर लिहून ठेवले आहे. धर्म बदलल्यावरही त्यांच्यात अन्यायाविरुद्ध उठण्याची ओढ का दिसत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी शोधलेले कारण असे की मिशनरी त्यांना सांगतो, तुझी अवनती तुझ्या पापामुळे झाली. भोवतालच्या समाजरचनेला तो दोष देत नाही. ज्याचे दुःख स्वतःच्या पापातून आले आहे तो पाटलाला जाब कशाला विचारेल? तो गुडघे टेकेल. आणि मेल्यानंतर देह बदलणार असेल तर जिवंतपणी गाव बदलण्याची घाई कोणाला?

ख्रिस्ती लोकांतही हे कळलेले आहेत. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणापासून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची सुरुवात मानतात. त्याच्याही कितीतरी आधी, त्रावणकोरात, पोयकयिल योहन्नान नावाचा अस्पृश्य जातीतला उपदेशक चर्चमधल्या जातीला विटून बाहेर पडला आणि १९०९ च्या सुमारास त्याने स्वतःची सभा काढली. तिचे नाव पाहा: प्रत्यक्ष रक्षा दैव सभा. रक्षा हवी ती प्रत्यक्ष, डोळ्यांना दिसणारी, याच जन्मातली. चर्चवर यापेक्षा नेमकी टीका मी वाचलेली नाही.

तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कब्रस्तानात जुनी भिंत आहे. एका बाजूला सवर्ण कॅथलिक पुरलेले, दुसऱ्या बाजूला दलित कॅथलिक. दोघांचा एकच पौल, एकच बीजाचा दाखला, एकच शेवटचा कर्णा. कर्णा वाजल्यावर भिंतीच्या अलीकडचे आधी उठणार की पलीकडचे, हे त्यांच्या धर्मगुरूंना विचारायला हवे. आपल्या भागातला कॅथलिक चांदा धर्मप्रांत केरळच्या सिरो-मलबार चर्चचा आहे, मुख्यालय बल्लारपूरला. हे लोक स्वतःला त्याच थोमाचे वारस म्हणवतात. मग थोमाने मागितला तोच पुरावा आपणही त्यांच्याकडे मागू. जखम दाखवा, आणि ती कोणी केली त्याचे नाव घ्या. जातीचे नाव न घेता केलेला प्रेमाचा उपदेश आपल्याकडे संतांनीही भरपूर केला होता.

चंगाई सभांबद्दल मात्र मी एवढ्या सौम्यपणे बोलणार नाही. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि गोंड-माडियांत सिकलसेल किती घरांत आहे, हे आपल्याला आकडे न बघताही माहीत आहे. सांधे धरतात, पोर रात्रभर कळवळते. हा आजार रक्तातल्या दोषाचा, आईबापाकडून आलेला. त्याला पाणी भरपूर लागते, फॉलिक अॅसिड लागते, डॉक्टरने दिली तर हायड्रॉक्सियुरिया नियमित लागते, लग्नाआधी दोघांची तपासणी लागते. डोक्यावर हात ठेवून 'तुझे शरीर नवे झाले' असे सांगणारा, आणि त्या भरवशावर गोळ्या बंद करायला लावणारा, पास्टर असो की पुजारी, गुन्हेगार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातल्या पत्तीगावच्या आईबापाने आपल्या दोन लेकरांचे मृतदेह जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रातून खांद्यावर घेऊन चिखलातून घर गाठले, ते दृश्य सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तापाने फणफणलेल्या त्या मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेले होते, असेही बातम्यांत आले. तिथे येशूचा संबंध नव्हता. देव कोणताही असो, रस्ता आणि डॉक्टर यांच्या जागी तो उभा केला की अशीच मयत होते.

आपले उत्तर काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा प्रश्न अंगावर घेतला आहे. शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांचे. मृत्यूनंतर ती तत्त्वे निसर्गातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात. जन्म झालाच तर तत्त्वांचा; अमर आत्म्याचा नाही. म्हणजे 'मी' म्हणून पुन्हा उठणारे कोणी नाही. न्याय करायचा असेल तर मुदत मरणापर्यंतच. हे ऐकायला कोरडे वाटते, सभेत यावर टाळ्या पडत नाहीत. पण घाई निर्माण करणारा विचार हाच आहे.

आणि देहाचे रूपांतर आपण पाहिलेलेच नाही असे कोण म्हणते? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याच्या पाण्यात हात घातला तेव्हा ते रूपांतर झाले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितले की जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतले ते जड दागिने उतरवा. बायकांनी ते लगेच केले. गौरवी शरीर म्हणायचे तर मी त्याला म्हणेन. त्यासाठी कोणाला मरावे लागले नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा घेऊन घरी परतलेला माणूसही गावात शिरताना पूर्वीसारखा वाकून शिरला नसेल.

पण आरसा आपल्याकडेही वळवू. जयंतीच्या फलकांवर 'बाबासाहेब, पुन्हा जन्माला या' अशी विनवणी कोण लिहिते? फोटोमागे प्रभावळ कोण काढते? श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पुण्यानुमोदनाच्या दिवशी मेलेल्याच्या आवडीचे ताट वाढून कोपऱ्यात ठेवले जाते, ते कोणासाठी? पास्टरची थट्टा करण्याआधी ते ताट उचला.

आता लढाईकडे. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये, दरभा भागातल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ ला एक ख्रिस्ती पास्टर वारला. कुटुंब मूळचे महरा जातीचे, अनुसूचित जातीतले. त्याच्या वडिलांची कबर त्याच गावात आहे. तरी गावाने विरोध केला. गावठाणात नाही आणि स्वतःच्या शेतातही नाही. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथे हरला. सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर बापाचा देह जगदलपूरच्या शवागारात. २७ जानेवारीला निकाल आला तो दुभंगलेला. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या, स्वतःच्या शेतात पुरू द्या. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा म्हणाले, ख्रिश्चनांसाठी ठरलेल्या जागेतच. शेवटी प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालला पुरण्याचा आदेश झाला.

वीस दिवस एक महरा माणूस मातीविना पडून राहिला. हा प्रश्न पुनरुत्थानाचा उरतो का? त्या गावाच्या स्मशानातही आदिवासींची जागा वेगळी, महरांची वेगळी, असे याचिकेतच नोंदले आहे. पेशवाईत गळ्यात मडके होते तेव्हा निदान मेल्यावर मातीला जागा मिळत होती. आज 'संस्कृतीरक्षण' म्हणत आदिवासींच्या हाती काठी देणारे कोण आहेत हे गडचिरोलीतल्या कार्यकर्त्याला सांगायला नको. आणि सरकारची गंमत बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की तो अनुसूचित जातीचा राहत नाही. शीखांना १९५६ मध्ये आणि आपल्याला १९९० मध्ये दुरुस्ती मिळाली, त्यांना अजून नाही. कागदावर त्याची जात संपते आणि स्मशानाच्या दारात पुन्हा उभी राहते.

धर्मांतरविरोधी कायद्याला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या मित्रांनी उत्तर प्रदेशाचा २०२१ चा कायदा वाचावा. धर्म बदलायच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी द्यायचे, मग चौकशी. १९५६ ला असा कायदा असता तर नागपूर आणि चंद्रपूरच्या मैदानांवरच्या लाखो माणसांनी आधी कोणाच्या कचेरीबाहेर रांग लावायची होती?

म्हणून पुढच्या ग्रामसभेत विषय लेखी द्या: गावच्या स्मशानभूमीत जात किंवा धर्म पाहून कोणालाही अडवले जाणार नाही, असा ठराव. आदिवासी गाव असेल तर त्यांच्या पूर्वजांच्या उभ्या दगडांची जागा जशीच्या तशी राखून बाकीची जागा मागा. त्यांचीही माती तेवढीच त्यांची आहे. ठराव होवो न होवो, वस्तीत एखाद्या ख्रिस्ती घरी मयत झाली की आपल्या पोरांनी मातीला जायचे. प्रार्थना त्यांची त्यांना म्हणू द्या. खड्डा खणायला माणसे कमी पडली तर कुदळ घ्या, आणि कोणी अडवायला आले तर तिथेच उभे राहा. पास्टरशी पापाबद्दल आणि मेलपुदूरच्या भिंतीबद्दल जे भांडण करायचे ते दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन करू.