वामनदादा कुणाची आवृत्ती नव्हते #थ्रेड

भीमजयंती जवळ आली की वामनदादा कर्डकांना 'महाराष्ट्राचे बॉब मार्ली' म्हणण्याचा उत्साह काहींना येतो. हेतू गौरवाचाच असतो. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने हे बिरुद वापरण्यापूर्वी निदान सनावळी तरी पाहावी.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. त्यांचे पहिले गीत १९४३ चे. मार्ली जन्मले फेब्रुवारी १९४५ मध्ये! 'रेगे' हे नाव गाण्याच्या शीर्षकात आले तेच मुळी १९६८ साली, मेटल्सच्या तबकडीवर. १९७३ मध्ये 'कॅच अ फायर'ने मार्लींना जगापुढे आणले. त्याच वर्षी वामनदादांचा 'वाटचाल' हा संग्रह प्रसिद्ध झाला. तोवर त्यांच्या गीतलेखनाला तीस वर्षे झाली होती.

पण माझा आक्षेप केवळ आधी कोण, नंतर कोण एवढाच नाही. या तुलनेत वामनदादांचे पूर्वज पुसले जातात. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला, भीमराव कर्डकांसारख्यांनी तो आंबेडकरी चळवळीत आणला, आणि त्या वाटेवर वामनदादा चालले. मुंबईत मजुरी करणारा, अक्षरओळखही मोठेपणी देहलवी मास्तरांकडून झालेला हा माणूस पुढे हजारो गीते रचतो, गावोगाव गातो. त्याचे मोल समजण्यासाठी किंग्स्टनचा दाखला कशाला हवा?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. त्यांचे पहिले गीत हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते, म्हणून नाक मुरडणारे विद्वान मी पाहिले आहेत. जमैकात एकच 'रिडिम', म्हणजे तयार ठेका आणि वाद्यमेळ, घेऊन दहा गायक त्यावर आपापले शब्द गातात. तेथे ती परंपरा आणि येथे ती उसनवारी, हा न्याय कुठला? ज्याच्याकडे पेटी नाही, वादक नाही, त्याने लोकांच्या ओठांवरची चाल घेतली, कारण ती शिकवावी लागत नाही. तुलना करायचीच तर ती या कारागिरीची करा.

मी हे पुरुषोत्तमनगरहून लिहितो आहे. आमची ओळख साखर कारखान्याची. जमैकाचा इतिहासही साखरेचाच: उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून नेली, त्यांना पूर्ण मुक्ती मिळाली १८३८ मध्ये. त्या मळ्यांची स्मृती रेगेने आजवर गात ठेवली.

आणि आमच्या शहादा तालुक्यात? येथे अंबरसिंग सुरतवंती होते. भिल्ल समाजातले, भजने गाणारे, म्हणून 'महाराज'. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न पेटला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. या साऱ्यात ते अग्रभागी होते. चळवळीवर अभ्यासकांनी लेख लिहिले. भजनांचे काय झाले? ताम्रपटाच्या एका ओळीवर येथे शंभर प्रतिक्रिया पडतात. त्याच माणसांना अंबरसिंगांचे एक भजन विचारून पाहा.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्यासोबत गायलेली, त्यांना चावडीपुढे रात्रभर ऐकलेली माणसे अजून आहेत. घरात कुणाची गाण्यांची जुनी वही असेल तर तिची छायाचित्रे काढा. सुंदर पानेच नकोत, सगळी काढा. आणि समासात तारीख, गाव किंवा चाल लिहिलेली असेल तर ती कडा कापू नका.