वनशास्त्र शिकून शिक्षक व्हायचंय? सहा वर्षे का लागतात?

राज्य मंडळाच्या नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. मात्र माती, पाणी, जंगल यांचा पदवीपर्यंत अभ्यास केलेल्यांसाठी माध्यमिक शाळेची वाट लांबची आहे.

गणित काय?
दापोली किंवा अकोल्यातील वनशास्त्राची पदवी ४ वर्षांची, त्यानंतर बीएड २ वर्षांचे. एकूण ६ वर्षे.

बारावीनंतर थेट बीएड?
भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत पदवी आणि बीएड ४ वर्षांत एकत्र होते. तिथे विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे विषय आहेत, वनशास्त्र नाही.

धोरण काय सांगते?
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार, २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता ४ वर्षांचे एकात्मिक बीएड असेल. इतर विषयांत ४ वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी १ वर्षाचे बीएड सुचवले आहे.

अडते कुठे?
कृषी विद्यापीठे कृषी खात्याकडे, बीएड उच्च शिक्षण खात्याकडे. दोन्ही खात्यांनी मिळून एकात्मिक अभ्यासक्रम आखला, तर विद्यार्थ्याची दोन वर्षे वाचतील. शाळेलाही पाणलोट पुस्तकात नव्हे, प्रत्यक्ष शिवारात पाहिलेला शिक्षक मिळेल.