गुणपत्रिका आणि तालीम

परीक्षांचे निकाल लागले की घरोघर गुणपत्रिका हातात घेतल्या जातात आणि काही घरांत त्या पाहताच बोलणे थांबते. आमली हे आज कारखान्यांचे गाव आहे. तेथील एखाद्या मराठी घरातला मुलगा विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षात कसाबसा वर चढला आणि "मला नाटक शिकायचे आहे" असे म्हणाला, तर वडील काय विचारतील? "इथे जमले नाही म्हणून तिकडे पळतोस का?" प्रश्न कठोर आहे, परंतु तो अन्यायाचा नाही. नाट्यशाळेचे परीक्षकही तोच प्रश्न, शब्द सौम्य करून, विचारणार आहेत.

तेव्हा प्रथम वस्तुस्थिती पाहू. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. तेथे प्रवेशासाठी कोणत्याही विषयाची पदवी लागते आणि किमान सहा नाट्यप्रयोगांतील सहभाग दाखवावा लागतो. अमुक इतके टक्के हवेत, अशी अट नाही. निवड होते ती चाचणीत आणि त्यानंतरच्या कार्यशाळेत. जागा मात्र साऱ्या देशासाठी मिळून बत्तीसच्या आसपास. म्हणजे कमी गुणांनी हे दार बंद होत नाही, अर्धवट सोडलेल्या पदवीने मात्र होते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठासारख्या ठिकाणी नाट्यशास्त्राची स्वतंत्र पदवी घेता येते; परंतु तेथे जाणाऱ्याने पहिल्या वर्षापासून आरंभ करण्याची तयारी ठेवावी. २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक पेढीची सोय झाली आहे. तिच्यात उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक जमा राहतात. तरी आवाज आणि देह घडवण्याची वर्षे कोणत्याही पेढीत साठवता येत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, केशवराव भोसल्यांना कुठे होती गुणपत्रिका? खरे आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या आपल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव पुढे दिले गेले, ते केशवराव कोवळ्या वयातच नाटक मंडळीत दाखल झाले होते. परंतु या दाखल्याचा अर्धाच भाग सांगणे बरे नव्हे. मंडळीत पाठांतर, गाणे, पहाटेची तालीम, गावोगावचा मुक्काम या शिस्तीतून सुटका नव्हती. शाळा सुटली, म्हणून शिक्षण सुटले नाही. सोलापूरचे अतुल कुलकर्णी यांनी अभियांत्रिकी सोडली, पण पुढे साहित्याची पदवी घेतली, गावातल्या नाट्यसंस्थेत कामे केली आणि मग ते दिल्लीच्या विद्यालयात गेले. वाट बदलणे आणि पळणे यांतील फरक हाच. जो पळतो तो मागचे टाकून देतो. जो वाट बदलतो तो मागचे पुरे करून निघतो.

म्हणून आमलीच्या त्या मुलास आमचे सांगणे असे की, कमी गुण लपवू नयेत आणि त्यांचे भांडवलही करू नये. ते का पडले हे दोन वाक्यांत खरे सांगावे, उरलेल्या सत्रांत ते सुधारावेत आणि दरम्यान रंगमंचावर प्रत्यक्ष काम करावे. कामासाठी मुंबई गाठावी लागते असे नाही. सभोवारच्या वारली व कोकणा पाड्यांवर तारप्याभोवती फेर धरला जातो, देवदैत्यांचे मुखवटे चढवून भवाडा होतो. मुखवट्याखाली चेहरा झाकला असता मान, खांदे आणि पावले यांनी कसे बोलावे, हे शहरातल्या विद्यार्थ्याला कार्यशाळेत शिकावे लागते. आमलीच्या मुलास ते नम्रपणे पाहायला आणि विचारायला गेल्यास जवळच मिळेल.

राहिला आमचा वाटा. २ ऑगस्ट १९५४ रोजी आमली पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाली. त्या संग्रामात आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके स्वतः उतरले होते, आणि त्यासाठी निधी जमावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. कलावंतांनी त्या गावाशी असे नाते जोडले असता आपण ते केवळ स्मरणदिनापुरते ठेवावे काय? शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आणि येथील नाट्यसंस्था यांनी मिळून वर्षातून पाच दिवसांचे एक शिबिर आमलीत भरवावे, अशी आमची सूचना आहे. खर्च फार नाही. त्या पाच दिवसांत मुलास आपण कोठे उभे आहोत ते कळेल आणि वडिलांना, मुलगा पळतो आहे की निघाला आहे, हे डोळ्यांनी पाहता येईल.

गुणपत्रिका खोटे बोलत नाही. पण तिला विचारले तेवढेच ती सांगते. उरलेले तालमीला विचारावे लागते, आणि तिच्यासमोर कोणालाही सवलत नसते.