बावची, लिंबू आणि ऊन

वधू-वर परिचय मेळाव्याचे अर्ज भरून घेण्याचे काम आमच्याकडे असते. अर्जात 'वर्ण' असा एक रकाना आहे. तिथे 'सावळा' लिहिताना बापाचा हात अडखळतो. मुलीच्या अंगावर कोडाचा डाग असेल तर तो रकाना कोरा सोडून बिचारा आमच्या तोंडाकडे बघतो. या एका रकान्यापायी घरोघर औषधे चालतात. डाग घालवायला बावची, रंग उजळायला लिंबू. झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार, असे आयाबाया म्हणतात. म्हणून हा विषय आज घेतला.

कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सर्वांच्या अंगात जवळपास सारख्याच असतात. कमीजास्त असतो तो तयार होणारा माल. कोडात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच या पेशींवर उलटते आणि त्या जागचा कारखाना बंद पडतो. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही, मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच, आणि शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला लागत नाही. शिवाशिव म्हणजे काय हे आपल्या लोकांना कोणी सांगायला नको. तरी आपल्याच वस्तीत कोड असलेल्या मुलीचा पेला वेगळा ठेवलेला आम्ही पाहिला आहे.

आता बावची. ती थोतांड नाही. तिच्या काळ्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्याच जातीचे द्रव्य इजिप्तमध्ये नाईल नदीच्या काठच्या एका रानटी रोपात आहे. त्याचे बी घेऊन उन्हात बसायचे, अशी तिकडची जुनी चाल. कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ अब्दुल मोनेम एल मोफ्ती यांनी त्या रोपातून काढलेले शुद्ध द्रव्य कोडाच्या रोग्यांवर वापरले आणि १९४८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जगभरच्या दवाखान्यांत या द्रव्याच्या गोळ्या आणि विशिष्ट किरणांचे दिवे अशी जोडी रूढ झाली.

पण हे द्रव्य एकटे काही करीत नाही. ते कातडीत मुरते आणि ऊन पडले की जागे होते. उन्हाचा हिशेब बरोबर बसला तर केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या रंगपेशी वर येऊ लागतात आणि पांढऱ्या डागात तिळाएवढे ठिपके दिसतात. हिशेब चुकला तर कातडी भाजते. त्यातून फसगत अशी की त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात. ओळखीतल्या एका मुलीच्या आईने बावचीचे तेल लावून तिला दुपारच्या उन्हात गच्चीवर बसवले. पायाची सालटी निघाली. कोड असलेल्या माणसाला जखम झाली की त्या जागी नवा डाग उठू शकतो; तिच्या बाबतीत तेच झाले. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत.

लिंबाची गंमत तर उलटीच. कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात याच कुळातली द्रव्ये असतात. गोरे होण्यासाठी तोंडाला लिंबू चोळून मुलगी उन्हात बाहेर पडली की चट्टे उठतात, आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. म्हणजे पैसे गोरेपणाचे आणि माल काळेपणाचा!

कोडावर उपचार आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. आता बहुधा सोरालेनशिवाय, नुसत्या मोजक्या किरणांनी उपचार करतात. पण आठवड्याला दोन-तीन खेपा आणि कित्येक महिने लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्याला हे खाडे परवडत नाहीत, हे आम्ही जाणतो. चेहऱ्यावरचे डाग लवकर भरतात. ओठ आणि बोटांची टोके यांवर केस नसतात, म्हणून तिथे रंग सहसा परत येत नाही. 'सहा आठवड्यांत खात्रीने' अशी पाटी लावणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

कोड म्हणजे महारोग नव्हे. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श नीट कळतो. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मात्र लगेच सरकारी दवाखाना गाठावा. महारोगाचे औषध तिथे फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

आणखी एक गोष्ट, खास भगिनींसाठी. डाग नेमका टिकलीच्या जागी किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याखाली उठला असेल तर त्या गोंदातले किंवा रबरातले रसायन रंगपेशी मारत असण्याचा संभव असतो. टिकली बंद करावी, चपला बदलाव्यात, आणि डॉक्टरकडे जाताना ते टिकलीचे पाकीट सोबत न्यावे.