तीनशे शब्दांचा निबंध आणि स्कूटरवरचा मोबाइल: किशोरवयीन मुलांना नेमके काय शिकवायचे?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांतच जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्यावर देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. त्या प्रकरणात मुद्दा दारू आणि वेगाचा होता, मोबाइलचा नव्हता. पण निबंधाची ती अट आठवली की एक प्रश्न पडतो. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात आपण लाखो शाळकरी मुलांकडून दुसरे काय करून घेतो? निबंध, घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा आणि शेवटी शपथ. शपथ घेतलेला अकरावीचा मुलगा संध्याकाळी ॲक्टिव्हा काढून क्लासला जातो, तेव्हा त्याच्या एका कानात इअरफोन असतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. भोसरी, तळवडे आणि चाकण एमआयडीसीला लागणारा माल कंटेनर आणि ट्रेलरने येतो. पुणे-नाशिक महामार्गावर मोशी, आळंदी फाटा आणि चाकणचा तळेगाव चौक या भागात हीच अवजड वाहने, कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा आणि कॉलेजची मुले एकाच डांबरावर असतात. दुसऱ्या गावात मोबाइलकडे पाहताना चूक झाली तर गुडघे फुटण्यावर निभावू शकते. इथे शेजारून ट्रेलरची मागची चाके जात असतात.

मेंदूत काय होते?

वाहन चालवताना लक्ष तीन प्रकारे विचलित होते. नजर रस्त्यावरून हटते, हात हँडलवरून सुटतो आणि मन दुसरीकडे जाते. मेसेज वाचताना तिन्ही गोष्टी एकदम घडतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. चार सेकंद स्क्रीनकडे पाहिले, म्हणजे ४४ मीटर अंतर न पाहता कापले. चाळीस फुटी तीन कंटेनर एकामागे एक उभे केले तरी त्यांची लांबी याहून कमी भरते.

‘पण मी ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे असतात,’ हा मुलांचा (आणि त्यांच्या वडिलांचाही) ठरलेला बचाव असतो. टोरांटोतील चालकांवरचा १९९७ चा अभ्यास या विषयात प्रसिद्ध आहे. फोनवर बोलण्याच्या काळात अपघाताची शक्यता सुमारे चौपट आढळली आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सवलत मिळालेली दिसली नाही. कारण अडथळा हाताचा नसून मनाचा आहे. डोळे समोर असतात, पण समोरचे मेंदूत नोंदले जात नाही. अमेरिकेतील २०१५ च्या एका अभ्यासात तर गाडीला किंवा फोनला तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही मन पूर्ण रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचे दिसले. त्यामुळे सिग्नलला थांबल्यावर ‘फक्त एक स्टेटस’ बघणेही निरुपद्रवी नाही. सिग्नल हिरवा होतो, स्कूटर सुटते, मन मात्र अजून मोबाइलमध्येच असते.

किशोरवयात यात आणखी भर पडते. मोह आवरणारा आणि परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. बक्षिसाची ओढ निर्माण करणारे भाग त्याआधीच जोरात असतात आणि मित्राचा मेसेज हेही बक्षीसच असते. २००५ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ खेळायला दिला. मित्र बघत असताना किशोरांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. ट्रिपल सीट जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मागे बसलेले दोघे म्हणजे नुसते वजन नव्हे, तेही विचलनच.

नुसते सांगून भागत नाही

शाळांमधील वाहनचालन प्रशिक्षणाने अपघात कमी होतात का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने शोध घेतला. अपघात घटल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट अशा प्रशिक्षणामुळे मुले लवकर परवाना घेऊन लवकर रस्त्यावर आली. परिणाम दिसला तो टप्प्याटप्प्याने परवाना देणाऱ्या पद्धतीचा. सुरुवातीचे काही महिने रात्री वाहन नाही, सोबत मित्र नाहीत, मग हळूहळू मोकळीक. आपल्या कायद्यात असे टप्पे नाहीत. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या वाहनाचा परवाना मिळतो आणि तशी स्कूटर आता शोरूममध्ये दिसतच नाही. म्हणजे सोळा-सतरा वर्षांचे मूल एमएच १४ पाटीची ११० सीसी स्कूटर चालवत असेल तर ते बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या छोट्या ई-स्कूटरला परवाना लागत नाही, म्हणून पालक ती निर्धास्तपणे घेऊन देतात. ट्रेलरच्या चाकाला मोटार किती वॅटची आहे हे कळत नाही.

अठरा पूर्ण झालेल्या आणि परवाना मिळालेल्या मुलासाठी हे टप्पे घरातच ठरवता येतात. पहिले सहा महिने डबलसीट नाही, अंधार पडल्यावर महामार्ग नाही, आणि निघण्यापूर्वी फोन सायलेंट करून डिकीत. खिशात नको, कारण खिशातला फोन थरथरला तरी मन तिकडे जाते. रस्ता माहीत नसेल तर नकाशा निघण्याआधी पाहायचा, अडले तर बाजूला थांबून.

मोठ्यांचाही यात वाटा आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात, गाडी चालवताना फोनवर बोलतो असे सांगणाऱ्या किशोरांपैकी निम्म्याहून अधिक जण आई किंवा वडिलांशी बोलत होते. आपल्याकडे याची कल्पना करायला कष्ट पडत नाहीत. वडील सेकंड शिफ्टला, आई कामावर आणि मुलगी क्लासहून निघायच्या वेळेला ‘कुठं पोचलीस?’ असा फोन. काळजी खरी असते, पण तो फोन तिला रस्त्यावर गाठतो. ‘निघाले’ आणि ‘पोचले’ असे दोनच मेसेज ठरवावेत आणि मधल्या वेळात घरच्यांनी फोन करू नये. पोचायला उशीर झाला तर किती मिनिटे थांबायचे हेही आधी ठरले असेल तर जीव टांगणीला लागत नाही.

धोका ओळखण्याचे कौशल्य मात्र शिकवता येते आणि त्याची सुरुवात अठरा वर्षांआधीही होऊ शकते. मुलाला मागे बसवून जाताना त्याला दिसणारे धोके मोठ्याने बोलायला सांगा: रिक्षा थांबतेय, बसमागून कोणीतरी उतरेल, कंटेनर डावीकडे वळतोय. सुरुवातीला मुले अर्धे धोके सोडून देतात. चाकणच्या शाळांना तर आणखी सोपे आहे. जानेवारीत चित्रकला स्पर्धेऐवजी एक ट्रेलर मैदानात उभा करावा, इंजिन बंद ठेवून मुलांना एकेक करून चालकाच्या जागी बसवावे आणि वर्गातल्या दहा जणांना डाव्या बाजूला, केबिनच्या जवळ उभे करावे. त्यातले किती मित्र दिसतात, ते वर बसलेल्या मुलाने मोजावे.