डोक्यावरचं पीक
अमेरिकी भयकथेला पडका वाडा लागत नाही, मक्याचं शेत पुरतं. स्टीफन किंगची ‘चिल्ड्रेन ऑफ द कॉर्न’ १९७७ची. त्यातलं नेब्रास्कातलं गाव मक्यानं वेढलेलं आहे आणि पोरांनी मोठ्यांना संपवून टाकलंय. त्याआधी, १९५९मध्ये, हिचकॉकनं ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये कॅरी ग्रँटला विमानापासून जीव वाचवायला मक्यातच घुसवलं होतं. १९८९च्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’मध्ये मात्र आयोवाच्या मक्यातून मेलेले बेसबॉलपटू मजेत बाहेर येतात. (मला तो चित्रपट जरा जास्तच गोड वाटतो.) भीती काय नि चमत्कार काय, कारण एकच: पीक माणसाच्या डोक्यावर जातं. आत शिरलं की नजर सरीपुरतीच पोचते, पानांच्या कडा हाताला चरचरत कापत जातात आणि सळसळ वाऱ्याची की कुणाची, कळत नाही. आपल्याकडे ही जागा उसानं घेतली. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) पूजा सावंतभोवती उसाचाच चकवा आहे, माझ्या मते मराठी भयपटाला तेव्हा कुठे हक्काची जागा सापडली. जुन्नरकडच्या माणसाला ती भीती पडद्यावर बघायची गरजच नाही. तिथं बिबट्याची मादी खरोखरच उसात विते आणि तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात. असे दिसले तर उचलू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. लांब व्हा, वनखात्याला कळवा. त्यांची माणसं रात्री बछड्यांची आईशी गाठ घालून द्यायचा प्रयत्न करतात.