मीटरवर पास, घाटात नापास

पेट्रोल गाडी मिसिंग मारते अशी तक्रार आली की आपल्या गॅरेजांतला क्रम ठरलेला असतो. आधी प्लग. तेवढ्यानं भागलं नाही तर कॉईल, मग फ्युएल पंप, इंजेक्टर आणि शेवटी सगळ्यांचा लाडका संशयित, ईसीयू. प्लगच्या वायरींचा नंबर या यादीत सहसा लागत नाही. लागलाच तर कुणीतरी मल्टिमीटर लावतो, 'ओके आहे' म्हणतो आणि बॉनेट बंद होतं. पाऊस तोंडावर आहे. सपाटीला गुळगुळीत चालणारी आणि खंबाटकीत किंवा आंबा घाटात झटके द्यायला लागणारी गाडी आता आठवड्याला एक तरी दारात येईल. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा दोष हजारांच्या पार्टमध्ये नसून वायरींच्या सेटमध्ये असेल, आणि मीटर ते सांगणार नाही.

मीटर आतली तार मोजतो, वरचं रबर नाही. त्याच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. वायरीला प्रत्यक्षात वाहायचे असतात हजारो व्होल्ट. आयडलिंगला प्लगला त्यातले थोडे पुरतात. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्याच गॅपमध्ये ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. सिस्टिम चांगली असेल तर कॉईल ते देते. पण रबराला केसाएवढी चीर असेल, त्यावर धूळ, तेल आणि ओल बसली असेल, तर करंटला प्लगच्या गॅपपेक्षा हेडवर उडी मारणं सोपं जातं. म्हणून उभ्या गाडीत दोष दिसत नाही. गॅरेजच्या दारात गाडी रेस करून 'काही नाही, मालक' म्हणणं ही तपासणी नव्हे.

याचा अर्थ मीटर फेकून द्यायचा असा नाही. कार्बन कोअरच्या वायरीला मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम रेझिस्टन्स असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. म्हणजे अर्ध्या मीटरच्या वायरीला ५ ते १० किलोओहम आले तर आतली तार शाबूत. मोजताना वायर टोकाजवळ वाकवून, हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर कोअर तुटलेला आहे. अशा वायरीवरही गाडी चालू होते, कारण तुटलेल्या जागी ठिणगी उडी मारून पुढे जाते. रोज तिथलं थोडं थोडं जळत राहतं, इतकंच.

रबराची परीक्षा अंधारात आणि ओल्यात. शटर अर्धं ओढा, इंजिन चालू ठेवा, बाटलीतून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. गरम मॅनिफोल्ड आणि अल्टरनेटर टाळा. निळसर ठिणगी वायरीवरून हेडकडे किंवा ब्रॅकेटकडे उडताना दिसली, टकटक आवाज आला, की निकाल लागला. वायरीभोवती नुसती मंद निळी झाक दिसत असेल तर लगेच सेट बदलायला सांगू नका. उडणारी ठिणगी हाच पुरावा. दिसत नसेल पण शंका असेल तर जाड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ती अर्थला जोडा आणि त्याचं टोक प्रत्येक वायरीवरून, प्लगच्या बुटापर्यंत फिरवा. पेसमेकर बसवलेल्या माणसाला, मग तो मिस्त्री असो वा गिऱ्हाईक, या वेळी गाडीपासून लांब ठेवा.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. बूट काढल्यावर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खाली पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ कधी दिसते. तीच रेघ बुटाच्या आतल्या रबरावरही असते, समोरासमोर. करंट एकदा त्या वाटेनं गेला की कार्बनचा रस्ता पडतो आणि पुढची प्रत्येक ठिणगी तोच धरते. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर जुना बूट नव्या प्लगवर रेघ ओढतो, आणि नुसती वायर बदलली तर जुना प्लग नवा बूट जाळतो. दोन्ही एकदम बदलायचे, नाहीतर महिन्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येईल. चिनी मातीच्या बुडाशी, पत्र्याला लागून तपकिरी डाग असतो तो मात्र निरुपद्रवी; तो दाखवून प्लग विकू नये. आणि बुटात तेल सापडलं तर वायर बदलण्याआधी टॅपेट कव्हरचं सील बघा. तेलात भिजलेलं रबर फुगतं, नव्या वायरीचंही तेच होईल.

सीएनजी गाड्यांत हे सगळं लवकर घडतं. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर नीट चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच मिसिंग मारू लागते आणि दोष किटच्या माथी बसतो. किट बसवणाऱ्याशी भांडण्याआधी वायरी बघा. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये तर इनटेकमध्ये गॅस भरलेला असतो. एक ठिणगी चुकली की बॅकफायरनं एअर फिल्टरची डबी फुटते. अशा गाडीत प्लगचा गॅप कंपनीनं सांगितल्याप्रमाणे ठेवणं हा वायर वाचवायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गॅप झिजून जितका रुंद, तितकं वायरीवरचं ओझं जास्त. प्लग वेळेवर न बदलणारा मालक वायरीही मारत असतो.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या, एका कॉईलनं दोन प्लग पेटवणाऱ्या गाड्यांत आणखी एक फसवणूक आहे. चार सिलिंडरमध्ये १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. दोन्ही प्लग एकाच सर्किटमध्ये एकामागे एक असल्यानं १ नंबरची वायर तुटली तर ४ नंबरही मिसिंग मारू शकतो. स्कॅनरवर पी०३०१ आणि पी०३०४ दोन्ही कोड दिसले की पोरं सरळ कॉईलची ऑर्डर देतात. कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. वायरी लांबीला पुरत असतील तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करा. दोष वायरीबरोबर सरकला तर कॉईलचे पैसे वाचले.

चालू इंजिनात एकेक वायर उपटून कोणता सिलिंडर मेला आहे ते बघायची सवय मात्र आता सोडायला हवी. पॉइंटवाल्या पद्मिनी-अँबेसेडरवर ते खपून गेलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये करंटला वाट मिळाली नाही की तो कॉईलचं इन्सुलेशन किंवा मॉड्यूल फोडतो, कधी आपल्या हातातून जातो. शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून कन्व्हर्टर सक्तीचा आहे, म्हणजे ही सवय सुटायला तीस वर्षं मिळाली. बघायचंच असेल तर इंजेक्टरचा सॉकेट काढा.

बसवण्याबद्दल फार सांगायला नको. इंजिन थंड असताना, बुटाला धरून, थोडं पिळून काढायची. वायरीला धरून ओढायची नाही. एक काढली की तिच्याच लांबीची नवी लावून मग दुसरी, म्हणजे फायरिंग ऑर्डर पाठ नसली तरी बिघडत नाही. बुटात सिलिकॉन ग्रीसचं बोट, साधं ग्रीस नाही. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा आणि क्लिपा परत लावा. फुटक्या क्लिपेमुळे वायर एक्झॉस्टवर टेकली की नवा सेटही पावसाळा काढत नाही. चिरलेल्या वायरीवर इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे, ती घरातल्या लायटीसाठी असते. आणि रिळावरून कापलेली साधी तांब्याची वायर इंजेक्शनच्या गाडीला लावू नये. तिला रेझिस्टन्स नसतो, रेडिओत खरखर येते आणि सेन्सरच्या सिग्नलमध्येही तीच खरखर शिरते. मग ईसीयू खराब म्हणणारे आहेतच.

नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉईल असते, तेव्हा वायरींचा विषय संपला असं काही वाचक म्हणतील. वायर गेली, बूट राहिला. काळी रेघ तिथंही पडते. आणि वायरीवाल्या गाड्या शोरूमच्या दारातून गेल्या तरी तालुक्याच्या रस्त्यावरून गेलेल्या नाहीत. त्या आपल्याकडेच येतात.

राहिला गिऱ्हाईकाचा प्रश्न. 'वायर तर चांगली दिसते, कशाला बदलता?' यावर वाद घालू नये. अर्धं शटर ओढून त्याला उडणारी ठिणगी दाखवावी, काढलेला सेट त्याच्या हातात द्यावा. जॉब कार्डावर प्लगच्या ओळीखाली वायरींची वेगळी ओळ छापून घ्या: कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला बदलल्या, प्रत्येकीचा रेझिस्टन्स किती. साधारण ५० हजार किलोमीटरनंतर दर मे महिन्यात ती ओळ भरायची. सीएनजी असेल तर त्याच्या आधीपासून.